मदत हवी आहे : गाडीची सीट तापत नाही, कव्हर कसे काढावे?

हिवाळकर : नमस्कार. चालकाकडची सीट आठवडाभर नीट तापत नाही. फ्यूज शाबूत आहे. सीटखालचा कनेक्टर सोडवून मीटर लावला, तर 12.4 व्होल्ट दिसतात. म्हणजे वायरिंग ठीक असून सीटमधली तापणारी जाळीच गेली आहे. कव्हर न फाडता कसे काढावे, एवढेच कृपया लवकर सांगावे. येथे सकाळी उणे 20 अंश असते आणि पत्नीला पहाटेच कामावर निघावे लागते.

मीटरवाला : गाडी किती जुनी, आपण राहता कोठे, सीट अजिबात तापत नाही की कोमट होते, यातले काहीच आपण लिहिलेले नाही.

पुणेरी_प्रवासी : मनालीला जाताना मी लायटरच्या सॉकेटवर चालणारी गरम गादी घेतली होती, ती उत्तम चालली. सीट उघडण्यापेक्षा तीच घ्यावी.

हिवाळकर : अमेरिकेतील मिनियापोलिस, 2014 ची सेडान. सीट कोमट होते, शेजारची मात्र छान तापते. गादी नको, कव्हरविषयी सांगा.

मीटरवाला : कव्हरला अजून हात लावू नका. कनेक्टर सुटा असताना प्रवाहच वाहत नाही, त्यामुळे पिन कितीही गंजलेली असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. जाळीचा रोध 3 ओहम धरला तर सुमारे 4 अँपिअर प्रवाह वाहायला हवा. गंजाने त्यात 2 ओहमची भर घातली, की तो अडीचवर येतो, सीट कोमट राहते आणि 12 वॅट उष्णता त्या पिनेतच निघते. कनेक्टर जोडून, सीट चालू ठेवून, कनेक्टरच्या मागच्या बाजूने मीटरची टोच घालून पुन्हा मोजा.

सावध : पिवळा कनेक्टर एअरबॅगचा असतो, त्याला मीटर कदापि लावू नये. सीट काढायचीच असेल, तर आधी बॅटरीची ऋण तार सोडवून काही मिनिटे थांबावे.

हिवाळकर : 7.4 व्होल्ट! कनेक्टर ओल्या कार्पेटवरच पडलेला होता. एका पिनेवर हिरवट बुरा आहे आणि तिच्याभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळले आहे.

मीटरवाला : बुटांना चिकटलेला बर्फ वितळतो आणि रस्त्यावरच्या मिठाचे पाणी तेथे साचते. नुसते घासून भागणार नाही, कनेक्टर दोन्ही बाजूंनी बदला.

जुना_कारागीर : तारा डाख देऊन जोडाव्यात. तीस वर्षे मी तसेच करतो आहे.

मीटरवाला : आपल्या अनुभवाचा आदर आहे, पण सीट सतत मागे-पुढे सरकते आणि डाख दिलेली तार कडक होऊन डाखेच्या कडेला तुटते. तारा क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या जोडात घालून पकडीने घट्ट दाबून, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (उष्णतेने आकसणारी) नळी चढवावी.

जुना_कारागीर : तारेला जवळच आधार बांधला तर तुटत नाही. क्रिम्पसाठी योग्य पक्कड लागते, ती घरोघरी नसते.

हिवाळकर : पक्कड शेजाऱ्याकडे मिळाली, क्रिम्पच केले. आता जोडलेल्या अवस्थेत 12.1 व्होल्ट येतात. कनेक्टर सीटच्या सांगाड्याला उंचावर बांधला आहे. शेजारच्या सीटखालचा कनेक्टरही उद्या उघडून पाहतो.