ईसीजीच्या पट्टीवर करवतीसारखे दाते येताहेत, मदत हवी आहे

ऐरोली_ईसीजी: ऐरोलीतल्या छोट्या दवाखान्यात ईसीजी काढते. आठवडाभर प्रत्येक पट्टीवर बारीक दाते येताहेत, पी वेव्ह, म्हणजे ठोक्याच्या आधीची छोटी लाट, दिसतच नाही. डॉक्टर पट्ट्या परत पाठवताहेत, बाहेर पेशंट खोळंबलेत. सगळं करून पाहिलं. लवकर सांगा.

नौपाडाकर: सगळं म्हणजे काय काय? मशीन प्लगवर चालवता की बॅटरीवर? फिल्टर चालू आहे का?

कळवा_वायरमन: आधी अर्थिंग बघा. जुन्या बिल्डिंगमध्ये सॉकेट तीन पिनचं असतं, पण आत अर्थची वायरच जोडलेली नसते.

घणसोली२२: विजेची थरथर गाळणारा ५० हर्ट्झचा फिल्टर लावा, वर स्नायूंची थरथर गाळणारा ३५ हर्ट्झचा मसल फिल्टर. रेघ एकदम साफ. आम्ही रोज तेच करतो.

नौपाडाकर: ३५ ने क्यूआरएसची, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकाची, उंची कमी होते, बारीक खाचा पुसल्या जातात. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाची पट्टी अशी देऊ नका हो.

घणसोली२२: डॉक्टरांना वाचता तरी येते ना?

नेरुळची_आई: माझ्या सासूबाईंची रेघ श्वासाबरोबर वरखाली व्हायची, शांत पडून राहिल्यावर थांबली.

नौपाडाकर: ऐरोलीच्या ताई, दाते मोजा. सेकंदाला २५ मिमीच्या वेगाला पट्टीवरच्या छोट्या घरात दोन, मोठ्या घरात दहा, अगदी एकसारखे असतील तर ती वीज. वेडेवाकडे असतील तर पेशंट कुडकुडतोय, एसी बंद करून पांघरूण द्या. लीड म्हणजे पट्टीवरची एकेक रेघ; लीड नंबर तीन साफ आणि नंबर एक व दोन खराब असतील, तर दोष उजव्या हाताला लावलेल्या चिमट्यात. सगळ्याच खराब असतील, तर उजव्या पायाच्या काळ्या वायरीत.

ऐरोली_ईसीजी: मोजले, दहाच आहेत. सगळ्या लीडमध्ये. प्लग काढला तर निम्मे कमी झाले, गेले नाहीत.

कळवा_वायरमन: बघा, अर्थिंगच!

नौपाडाकर: मग बॅटरीवर का राहिले? काळा चिमटा उघडा.

ऐरोली_ईसीजी: उघडला. वाटीत जुन्या जेलीचा वाळलेला पापुद्रा, खाली हिरवा गंज. ‘ती नुसती अर्थची वायर’ म्हणून त्या पायाला आमच्याकडे कुणी जेलीच लावत नव्हतं! चिमटा घासला, पाय स्पिरिटने पुसला, जेली लावली. पी वेव्ह दिसली! खूप खूप आभार. प्लगवर अजून किंचित थरथर आहे. सॉकेटला दोन पिनचा अडॅप्टर आहे, म्हणजे अर्थची पिन जोडलेलीच नाही, हे सांगायचं राहिलं.

कळवा_वायरमन: अहो, पेशंटच्या अंगाला वायरी लागलेल्या असतात. तो अडॅप्टर आजच काढा, आणि वायरमन येईपर्यंत मशीन बॅटरीवरच चालवा.