दाढ काढायची म्हणून स्टेंटच्या गोळ्या बंद करायच्या? मी तर म्हणतो अजिबात नाही

रामबागवाला: बाबांना फेब्रुवारीत अटॅक आला, हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट (जाळीची नळी) टाकला, तेव्हापासून गुठळी होऊ नये म्हणून इकोस्प्रिन ७५ (म्हणजे ॲस्पिरिनच) रोज एक आणि टिकाग्रेलॉर ९० सकाळ-संध्याकाळ. आता दाढ किडली तर डेंटिस्ट म्हणे पाच दिवस दोन्ही बंद करा मग या. वर काका म्हणतात मी तर आठवडाभर बंद केल्या होत्या, काही नाही झालं. अहो काका, नशीब तुमचं! कार्डिओवाल्यांना फोन लावला तर ते ओरडलेच, नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर दाढ राहील बाजूला. शेवटी दुसऱ्याकडे गोळ्या चालू ठेवूनच काढली, एक टाका, अर्धा तास कापूस दाबून धरला, संध्याकाळपर्यंत थुंकी जरा गुलाबी, बस.

सुदामानगरची ताई: दाढेचं ठीक आहे हो, पण ते "अजिबात नाही" पटत नाही. आमची आई ७६ ची, स्टेंटनंतर वर्षभर दोन्ही गोळ्या द्यायच्याच म्हणून आम्हीही नेमाने दिल्या, आणि ही गुडघ्यांसाठी गुपचूप ब्रूफेन, दुखण्याची गोळी, खात होती. चौथ्या महिन्यात शी डांबरासारखी काळी, म्हणजे पोटात रक्तस्राव, हिमोग्लोबिन ६! रक्त चढवावं लागलं. मग डॉक्टरांनीच एक गोळी कमी केली. वर्षाचा नियम काय सगळ्यांना सारखा नसतो.

छप्पनचा पोहेवाला: ताई, डॉक्टरांनीच कमी केली ना? रामबागवाला भिया तेच तर म्हणतोय, आपल्या मनाने नको. आणि लोक रक्त पातळ रक्त पातळ करतात, रक्त काही पातळ होत नाही, प्लेटलेट, म्हणजे गुठळी करणाऱ्या पेशी, एकमेकींना चिकटत नाहीत इतकंच. ॲस्पिरिन लागलेली प्लेटलेट मरेपर्यंत तशीच, म्हणजे ७ ते १० दिवस. टिकाग्रेलॉर मात्र लवकर उतरते, दोनदा घ्यायची ती म्हणूनच. पाच दिवस बंद म्हणजे स्टेंट उघड्यावर.

सुदामानगरची ताई: डॉक्टरांना विचारा म्हणणं सोपंय. ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, पोटाचं कोणी विचारलंच नाही. आईला ॲसिडिटीची गोळीसुद्धा लिहिली नव्हती. तुमच्या बाबांना आहे का?

रामबागवाला: आत्ता पर्चा काढून बघितला. पॅन्टोप्राझोल ४० आहे, उपाशीपोटी लिहिलंय. बाबा पोहे-जिलबी झाल्यावर घेतात.