मदत हवी आहे : हिरवं पाखरू काहीच खात नाहीये

ओवी_स : लवकर सांगा कोणीतरी. ओट्यावर मोठं हिरवं पाखरू येऊन बसलंय. साखरपाणी दिलं, केळं ठेवलं, जास्वंद ठेवली, ढुंकूनही बघत नाही. काय देऊ?

रानगवा : कुठे? केवढं? फोटो?

चहाटळ : ऑलिअँडर हॉक मॉथ नावाचा पतंग. हिरवी संगमरवरी नक्षी असते. याच्या अळ्या आमची तगर दरवर्षी फस्त करतात. फुलांजवळ सोडा, मध पितो तो.

ओवी_स : नक्षीबिक्षी नाही हो. फिकट पोपटी, तळहाताएवढं, मागे लांब शेपट्या. आंबोलीच्या पायथ्याला राहतो आम्ही, मागे रानच आहे.

रानगवा : शेपट्या आहेत हे आधी सांगायचं की! मून मॉथ. चारही पंखांवर डोळे, पुढच्या पंखांची कड लालसर-जांभळी, बरोबर? मग काहीही देऊ नका. याला खायला धड तोंडच नसतं. अळीपणी खाल्लेल्यावर आठवडाभर जगायचं, जोडा जमवायचा, अंडी घालायची, संपलं.

चहाटळ : साखरपाणी कशालाही चालतं. मधमाश्यांना देतातच की.

रानगवा : मधमाशीला सोंड असते.

झाडीपट्टीकर : आमच्या कोशाच्या पतंगाच्या भावकीतलं आहे हे. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐनाच्या झाडावर टसर रेशमाच्या, म्हणजे कोशाच्या, अळ्या पाळतात, पक्षी हाकायला माणूस दिवसभर झाडाखाली. आणि लोक कोसा साडीच्या किमतीवरून घासाघीस करतात!

फोटोवेडा : फ्लॅश मारू नका, पंख पांढरे येतात. बाजूने टॉर्च धरा.

ओवी_स : फोटो काढायचाच नाहीये मला! डोळे आहेत, कडही लाल आहे. खोक्यात मोहरीएवढे भुरकट दाणे पडलेत, ते काय?

रानगवा : खोकं कुठून आलं मध्येच?

ओवी_स : चपलांचं. घरात मांजर आहे, म्हणून रात्री झाकून ठेवलं होतं.

रानगवा : म्हणजे मादी आहे आणि ती अंडी आहेत. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात, हिच्या बारीक दिसतील. अंधार पडला की ओट्यावरचा दिवा घालवून रानाच्या कडेला सोडा तिला. अंडी फळलेली असतील तर साधारण बारा दिवसांत अळ्या निघतील. आधी लालसर, मग हिरव्यागार, अंगावर पिवळ्या गाठी. ऐनाची कोवळी पानं द्या. पुरेशी वाढली की पानं ओढून त्यांतच कोश विणते.

चहाटळ : शेपटी तुटली तर उडतं का?

रानगवा : उडतं. शेपटी वटवाघळाला चकवायलाच असते, झडप तिच्यावर पडते. अमेरिकेतल्या लूना मॉथवर झालेला प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झालाय.

ओवी_स : ऐन मागेच आहे. पानं रोज तोडायची की फांदी पाण्यात ठेवायची, ते सांगा ना!

झाडीपट्टीकर : दोन्ही नको. झाडावरच सोडा, टसरवाले तेच करतात.

रानगवा : तुमच्याकडे राखणदार असतो काका, यांच्याकडे मांजर आहे. फांदीला मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा. तोंड घट्ट आवळा, मुंग्या शिरतात.