सण वेगळा, सुट्टी वेगळी: 'लाँग वीकेंडला फॅमिली सिनेमा चालतोच' या पोस्टला उत्तर

आडवा_पडदा

तिकीटखिडकी यांची कालची पोस्ट वाचली. म्हणणं थोडक्यात असं: 'शुक्रवारला सुट्टी चिकटली की घरटी चार तिकिटं ठरलेली. मराठी निर्मात्यांना कॅलेंडर वाचता येत नाही, मग स्क्रीन मिळत नाहीत म्हणून गळे काढतात.' खाली टाळ्याच टाळ्या. म्हणून जरा सविस्तर.

सण आणि सुट्टी यांची गल्लत करू नका. सण माणसाला घरात बसवतो, सुट्टी बाहेर काढते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सहा ते नऊ पुण्यातलं कुठलंही थिएटर घ्या, एसी चालू आणि खुर्च्या रिकाम्या. टायगर ३ हा १२ नोव्हेंबर २०२३ ला, लक्ष्मीपूजनाच्या रविवारी लावला होता. सलमान, दिवाळी आणि रविवार असं सगळं जुळून आलं, तरी दुसऱ्या दिवशीचा सोमवार रविवारच्या वर गेला. एरवी हे उलटं घडतं. संध्याकाळ आणि रात्रीचे शो पूजेनं आणि फराळानं खाल्ले, दुसरं काही नाही.

गणपतीचंही तेच. पेठांतल्या रस्त्यांवर संध्याकाळनंतर गाडी आत जात नाही आणि घरोघरी आरतीला पाहुणे. म्हणून जाणते लोक विसर्जनानंतरचा शुक्रवार धरतात. २०२४ ला अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती, नवरा माझा नवसाचा २ लागला २० ला. २०२५ ला चतुर्दशी ६ सप्टेंबरला, दशावतार १२ ला. कॅलेंडर वाचता न येणाऱ्यांची ही लक्षणं नव्हेत.

राहिला तुमचा लाँग वीकेंड. तीन-चार दिवस जोडून मिळाले की पुणेकर गाडी काढून कोकणात, नाहीतर द्रुतगती मार्गावर रांगेत. उलट आठवड्याच्या मध्येच एकटी पडलेली सुट्टी बघा. कुणी गावाला जात नाही, दुपारी काय करायचं हा प्रश्न असतो, आणि तीनचा शो भरतो. छावा १४ फेब्रुवारी २०२५ ला लागला. १९ ला बुधवारी शिवजयंती, आणि बुधवारनं मंगळवारला मागे टाकलं. फॅमिली सिनेमासाठी मला विचाराल तर असा एक बुधवार तीन दिवसांच्या वीकेंडला भारी.

तिकीटखिडकी

लक्ष्मीपूजनाला लावा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. स्वतःच पुतळा उभा करायचा आणि स्वतःच पाडायचा, चालू द्या.

१५ ऑगस्ट २०२४ घ्या. गुरुवारी स्वातंत्र्यदिन, मग शुक्रवार-शनिवार-रविवार, आणि सोमवारी १९ ला राखीपौर्णिमा. स्त्री २ वाल्यांनी १४ च्या रात्रीच पेड प्रीव्ह्यू, म्हणजे प्रदर्शनाआधीचे तिकीट लावलेले खेळ, ठेवले आणि पुढचे पाच दिवस मोकळं रान. वीकेंड संपल्यावर गर्दी टिकते का ही सोमवारची परीक्षा थेट मंगळवारवर गेली. शिवाय सिनेमाचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार. गुरुवारी लावलात की पहिला आठवडा आठ दिवसांचा होतो, आणि मल्टिप्लेक्समध्ये वितरकाचा सगळ्यात मोठा हिस्सा पहिल्याच आठवड्यात असतो. निर्माते-वितरकांनी २००९ मध्ये मल्टिप्लेक्सविरुद्ध केलेल्या संपानंतर ठरलेलं गणित आहे हे, आठवड्यागणिक: ५०, मग साडेबेचाळीस, मग साडेसदतीस, मग ३० टक्के. म्हणजे पन्नास टक्क्यांचा एक दिवस जास्त. कोकणात गेलेल्यांचा हिशोब तुम्ही करा, मी हा करतो.

आडवा_पडदा

त्याच १५ ऑगस्टला खेल खेल में आणि वेदाही लागले होते. गुरुवार तोच, राखी तीच. त्यांच्या आठव्या दिवसाच्या पन्नास टक्क्यांचं काय झालं? शून्याचे पन्नास टक्के किती होतात ते इथले हिशोबनीस पेठी_गणित सांगतील.

मॅटिनी_मावशी

दोघंही एक गोष्ट विसरताय: शाळा. फॅमिली सिनेमाची तारीख पंचांगावर ठरत नाही, शाळेच्या वेळापत्रकावर ठरते.

२०२५ चा पाडवा आठवा. ३० मार्च, रविवार, दुसऱ्या दिवशी ईद. कागदावर सोन्याचा योग. पण राज्य मंडळाच्या पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा त्या वर्षी २५ एप्रिलपर्यंत होत्या. घरात 'परिसर अभ्यास' उघडा असताना चार तिकिटं कोण काढतं? काढली तर दोन काढतात, तीही रात्रीच्या शोची. म्हणून मराठीत १ मे धरतात. परीक्षा संपलेल्या, निकालाची भीती ओसरलेली, पोरं घरात उच्छाद मांडून बसलेली. नाच गं घुमा १ मे २०२४ ला, बुधवार. गुलकंद आणि आता थांबायचा नाय २०२५ च्या १ मेला, गुरुवार.

अमेरिकेतही हेच दिसतं. मोआना २ थँक्सगिव्हिंगच्या बुधवारी, २७ नोव्हेंबर २०२४ ला लागला. पाच दिवसांत तिथे साडेबावीस कोटी डॉलर, विक्रम. शाळेला सुट्टी चारच दिवस, म्हणून सगळे एकदम तुटून पडले. महिन्याभरानं मुफासा नाताळाच्या तोंडावर लागला तर पहिले तीन दिवस जेमतेम साडेतीन कोटी. सगळ्यांनी मर्तिक उरकलं. पण नाताळात शाळा दोन-दोन आठवडे बंद, घाई कुणालाच नव्हती. शेवटी गेला पंचवीस कोटींच्या आसपास, म्हणजे पहिल्या वीकेंडच्या सातपट. मोआना २ आपल्या शुक्रवार-ते-रविवारच्या साडेतीनपटही गेला नाही. आणि २४ डिसेंबरची रात्र तिकडे थिएटरवाल्यांना तुमच्या लक्ष्मीपूजनासारखीच कोरडी जाते.

तिकीटखिडकी

म्हणजे मावशी, सुट्टी लागतेच. माझंच म्हणणं झालं की.

मॅटिनी_मावशी

पोरांची सुट्टी. तुमच्या ऑफिसची नव्हे.

सातच्या_आत

सुट्टी-सुट्टी काय करताय, शो किती वाजता आहे ते बघा. एप्रिल २०१५ मध्ये सरकारनं मराठी सिनेमाला सहा ते नऊचा प्राइम टाइम सक्तीचा केला. आरडाओरडा झाला आणि काही दिवसांतच तो दुपारी बारा ते रात्री नऊ झाला. तेव्हापासून 'प्राइम टाइम' म्हणून सव्वाबाराचा शो तोंडावर मारतात. मंगळवारी सव्वाबाराला कुठलं कुटुंब मोकळं असतं?

आता पडद्याचं गणित. सव्वादोन तासांचा सिनेमा, पंधरा मिनिटं मध्यंतर, पंधरा-वीस मिनिटं जाहिराती आणि ट्रेलर, दहा मिनिटं झाडलोट. एक शो तीन तासांचा. साडेनऊला सुरू केलं तर साडेनऊ, साडेबारा, साडेतीन, साडेसहा, साडेनऊ असे पाच. लहान मूल बरोबर असेल तर पहिला आणि शेवटचा बाद. उरले तीन. अडीचशे खुर्च्यांच्या पडद्यावर दिवसाला साडेसातशे, तेही तिन्ही शो तुम्हाला मिळाले तर. आणि सुट्टीच्या वीकेंडला ते मिळत नाहीत, कारण त्याच तारखेला हिंदीवाला येऊन बसलेला असतो. त्या १ मेला दोन मराठी सिनेमांच्या डोक्यावर रेड २ होता. १२ नोव्हेंबर २०१५ चा पाडवा आठवा: प्रेम रतन धन पायो, आणि उरलेल्या कोपऱ्यात कट्यार काळजात घुसली आणि मुंबई-पुणे-मुंबई २ एकमेकांच्या अंगावर. कट्यार टिकला तो दिवाळी संपल्यावर, लोकांनी एकमेकांना सांगून.

पेठी_गणित

शून्याचे पन्नास टक्के शून्य. पुढे.

तारखेवर एवढी शाई सांडलीत, तिकिटाच्या भावावर एक ओळ नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर १८. शंभराचं तिकीट विकलं तर कर वजा जाता ९५ रुपये २४ पैसे. एकशेबाराचं विकलं तर ९४ रुपये ९२ पैसे. म्हणजे प्रेक्षकाकडून बारा रुपये जास्त घेऊन थिएटरच्या हातात बत्तीस पैसे कमी. १०१ ते ११२ हा सगळा खड्डा आहे. आधी, १२ टक्के होते तेव्हा, खड्डा १०५ पर्यंतच होता. तरी सकाळच्या शोला ११० चा बोर्ड लावणारे भेटतात. एक तर शंभर लावा, नाहीतर थेट ११३.

तिकीटखिडकी

इथे सुट्टीची चर्चा चालू आहे.

पेठी_गणित

मग सुट्टीचंच सांगतो. २० सप्टेंबर २०२४, नवरा माझा नवसाचा २ चा शुक्रवार, हा राष्ट्रीय चित्रपट दिन होता, ९९ रुपये तिकीट. तेव्हाच्या १२ टक्क्यांनी ९९ चे उरतात ८८, त्यातले निम्मे, म्हणजे ४४ रुपये, वितरकाचे. एरवीच्या अडीचशेच्या तिकिटातून १०६ येतात. तेव्हा ९९ च्या दिवशी गल्ला अर्धा दिसला तरी माणसं सव्वापट आलेली असतात. तुम्ही कोटी मोजता, डोकी मोजत नाही. फॅमिली सिनेमात डोकी मोजायची असतात, कारण तीच घरी जाऊन शेजाऱ्यांना सांगतात.

कोपऱ्यातली_खुर्ची

९९ नं काही होत नाही हो. चार जणांचं तिकीट चारशे आणि लाह्या-कोल्ड्रिंक हजार. भाव तिथे उतरवा.

पेठी_गणित

लाह्यांचा भाव ते कशाला उतरवतील? पीव्हीआर-आयनॉक्सच्या २०२४-२५ च्या ताळेबंदात सरासरी तिकीट अडीचशेच्या वर आणि माणशी खाणं एकशेतीसच्या आसपास होतं. अडीचशेतून कर गेला, वितरकाचा हिस्सा गेला, थिएटरकडे १०६ उरले. खाण्यात वितरक नाही, सगळं थिएटरचं. आणि जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेनं स्पष्ट केलं की तिकिटापासून वेगळ्या विकलेल्या लाह्यांवर ५ टक्केच. तिकिटावर १८, लाह्यांवर ५. तुम्ही मालक असता तर काय विकलं असतंत?

सातच्या_आत

बाहेरचं खाणं आत नेऊ देणार असं २०१८ मध्ये सरकार म्हणालं होतं ना? त्याचं लोणचं घाला आता.

मॅटिनी_मावशी

लोणचं सर्वोच्च न्यायालयानं घातलं. जानेवारी २०२३: बाहेरचं खाणं अडवायचा थिएटरला हक्क आहे. मात्र पिण्याचं पाणी फुकट द्यायचं आणि तान्ह्या मुलाचं खाणं अडवायचं नाही. दारावर बाळाची पेज काढायला लावली तर एवढं सांगा, वाद संपतो.

आडवा_पडदा

धागा माझा होता बहुतेक.

तिकीटखिडकी

तुमचा होता तेव्हाही भरकटलेलाच होता. एक मात्र लाह्यांमुळे माझंच सिद्ध होतंय. चार जणांचं कुटुंब म्हणजे खाण्याचे पाचशे रुपये. म्हणूनच सुट्टीच्या दिवशी थिएटरवाला साडेतीनचा शो फॅमिली सिनेमाला स्वतःहून देतो, सरकारी सक्ती असो-नसो. लाँग वीकेंडला शो वाढतात ते याच कारणानं.

सातच्या_आत

स्वतःहून? शुक्रवारी दिलेला साडेसहाचा शो शनिवारी सकाळी ऑनलाइन बुकिंगमधून गायब होतो, तोही स्वतःहूनच. प्रेक्षक शोधतोय, 'शोज नॉट अव्हेलेबल', आणि सोमवारी मथळा की प्रेक्षकांनी पाठ फिरवली. काहीही बोलायचं म्हणून बोलू नका.

तिकीटखिडकी

आवाज खाली. आणि 'आमच्या सोसायटीत सगळ्यांना बघायचा होता पण शोच नव्हता' हे पुढचं वाक्य असेल तर ते आधीच वाचलं असं समजा. शो काढतात कारण शुक्रवारी त्या शोला तेरा माणसं असतात.

सातच्या_आत

शुक्रवारी साडेसहाला फॅमिली सिनेमाला तेराच असणार! कुटुंब शनिवारी दुपारी ठरवतं आणि रविवारी येतं. बाईपण भारी देवा बघा. २९ जून २०२३ ला, गुरुवारी, आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी. आयती सुट्टी. त्यांनी ती सोडली आणि ३० ला लावला. दुसरा आठवडा पहिल्यापेक्षा मोठा गेला, आणि त्या आठवड्यात सुट्टी कुठली होती ते शोधून दाखवा. शो टिकले म्हणून बायका गट करकरून आल्या. २०२५ ला महावतार नरसिंहाचंही तेच, २५ जुलैला किरकोळ सुरुवात आणि मग तिसऱ्या शनिवारपर्यंत चढता.

आडवा_पडदा

एवढंच मला पहिल्या पोस्टमध्ये म्हणायचं होतं. फॅमिली सिनेमात दुसरा शनिवार पहिल्या शनिवारच्या निम्म्याच्या वर राहिला तर सिनेमा चालला. सुट्टी फक्त पहिला शनिवार फुगवते, आणि मग दुसरा त्याच्यापुढे बारका दिसतो.

तिकीटखिडकी

एवढंच म्हणायला चार परिच्छेद लागले. बरं, लक्ष्मीपूजन तुमचं. परीक्षा मावशींच्या. बाईपण हा अपवाद आहे आणि अपवादच राहील. पोस्टमधलं 'लाँग वीकेंड' खोडून 'एक मे' लिहितो, टाळ्या परत करणार नाही.

मॅटिनी_मावशी

लिहा. फक्त २०२६ चा एक मे शुक्रवारी आलाय आणि त्याच दिवशी बुद्धपौर्णिमा, म्हणजे दोन सुट्ट्यांची एक झाली. तो तुमच्या हिशोबानं लाँग वीकेंड धरायचा की माझ्या हिशोबानं एक मे?

आडवा_पडदा

गर्दी झाली तर दोघांचा, नाही झाली तर निर्मात्याचा.

पेठी_गणित

तिकीट ११३ ठेवा.