मदत हवी आहे: सी-क्लास, ३ सिरीज की ए४? (सोलापूर, बजेट ७५ लाख ऑन रोड)

धोट्याचा_आवाज (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. गाड्यांचे धागे नेमाने वाचतो, आता स्वतःच्याच घरात वाद पेटलाय म्हणून विचारतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. घर होटगी रोडला. दारात इनोव्हा क्रिस्टा आहे आणि ती कुठेही जाणार नाही, कारण लग्नकार्य, तुळजापूर, पंढरपूर सगळं तिच्यावरच. दुसरी गाडी घ्यायची आहे ती माझ्यासाठी. रोजचं जाणं-येणं घर ते कारखाना, म्हणजे जेमतेम आठ-दहा किलोमीटर. शिवाय महिन्यातून दोनतीनदा पुणे आणि अधूनमधून हैदराबाद. वर्षाचे साधारण २०,००० किलोमीटर होतील. ड्रायव्हर ठेवलेला नाही, गाडी मीच चालवतो. पण पुण्याला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे अण्णांना न्यायचं असतं, तेव्हा ते मागे बसतात. पाय लांब करता आले नाहीत तर टेंभुर्णीपर्यंत गप्प आणि पुढे पुण्यापर्यंत मला बोल.

यादीत मर्सिडीझ सी-क्लास, बीएमडब्ल्यू ३ सिरीज (लांब व्हीलबेसवाली, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) आणि ऑडी ए४ आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या गाड्यांचा जीएसटी आणि सेस मिळून ४८-५० टक्क्यांचा ४० टक्के झाला, तेव्हापासून मनात घोळतंय.

मला चालवायला मजा येणारी गाडी हवी. बायकोचं म्हणणं, एवढे पैसे घालायचे तर मर्सिडीझच, लोकांना सांगावं लागत नाही. अण्णांचं म्हणणं तिसरंच, ते खाली कुणी विचारलं तर सांगतो. पैशाचं मोल कुठे जास्त, रस्त्यावर कोण सरस आणि गावात मान कशाला, हे तिन्ही एका गाडीत बसतं का? सर्व्हिस पुण्यालाच करायची हे गृहीत धरलंय.

गाडीवेडा_पुणे:

चालवणारा तुम्ही असाल तर चर्चा कशाला? ३३०एलआय, म्हणजे तुमच्या यादीतली लांब ३ सिरीज. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २५८ हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन मीटर, शंभरचा वेग ६.२ सेकंदात. पेट्रोल सी-क्लासचं, म्हणजे सी२०० चं इंजिन दीड लिटरचं, २०४ हॉर्सपॉवर. कागदावर वाईट नाही, पण एकदा दोन्ही लागोपाठ चालवा, मग बोलू. आणि गंमत म्हणजे अण्णांचा प्रश्नही इथेच सुटतो. लांब ३ सिरीजचा व्हीलबेस २,९६१ मिमी आहे, सी-क्लासचा २,८६५. त्या जादा लांबीचा फायदा मागच्या माणसाच्या गुडघ्याला मिळतो.

ए४ चांगली गाडी आहे, पण भारतातली फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे. बाकी दोघींना मागची चाकं ढकलतात. शिवाय नव्या पिढीत जगभर तिचं नाव ए५ झालंय. जाणाऱ्या पिढीची गाडी आज घेतलीत तर पुढे विकताना गिऱ्हाईक आधी तेच काढणार. मोठी सूट मिळाली तरच बघा.

मोहोळचा_माणूस:

मालक, मी मोहोळ-सोलापूर रोज करूलालो आणि पुणंबी नेहमीचंच, म्हणून सांगतो. ६.२ सेकंदाचं काय करायचं बे? नोव्हेंबर ते मार्च गाळप चालू असतंय. रात्री टेंभुर्णी-मोहोळ पट्ट्यात उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून चाललेला असतो, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. ऊस दोन्हीकडं बाहेर आलेला. समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यावर असला की ती ट्रॉली पन्नास फुटांवर येईस्तोवर दिसत नाय. म्हणून टेस्ट ड्राइव्ह रात्री मागा. हेडलाईट आणि ब्रेक बघा, पिकअप मागून बघा.

दुसरं म्हणजे टायर. बीएमडब्ल्यूला बहुतेक करून रनफ्लॅट येतात. हवा गेली तरी ८० च्या स्पीडनं ८० किलोमीटर जाता येतंय, ते खरंय. रात्री अकराला वरवडे टोलच्या पुढं बायकापोरं गाडीत असताना ती लई मोठी गोष्ट हाय. पण कडेला टायर फाटला तर त्याच मापाचा रनफ्लॅट सोलापुरात लगेच मिळंल या भरवशावर राहू नका. कुठलीबी गाडी घ्या, बुकिंगच्या आधी डिकी उघडून स्टेपनी हाय का, असली तर कसली हाय आणि ती ठेवून बॅगेला जागा किती उरली ते डोळ्यानं बघा. ब्रोशरात डिकीचे लिटर लिहिलेले असतात, स्टेपनी धरून का सोडून ते कोण सांगत नाय.

आणि मे महिन्यात ४२-४४ ला गाडी उभी करून बघा एकदा. काळी सीट आणि वर काचेचं छत, अण्णा बसतील का?

निवांत_प्रवासी:

यादीत लेक्सस ईएस ३००एच का नाही? बंगळुरूजवळ बिडदीला जोडली जाते, हायब्रिड आहे, गावातल्या रहदारीत बराच वेळ बॅटरीवरच चालते, मागे ऐसपैस. जून २०२४ पासून नव्या गाडीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे. जर्मन गाड्यांची वॉरंटी दोन-तीन वर्षांत संपते आणि नंतर वाढीव वॉरंटीचे पैसे मोजत बसा. डोक्याला ताप नको असेल तर हीच.

धोट्याचा_आवाज:

@निवांत_प्रवासी, तुमचं सगळं पटतं. घरी नाव काढलं तर मेहुणे म्हणाले, "म्हणजे टोयोटाच ना?" तिथेच विषय मिटला. हसू नका, ७० लाख घालून प्रत्येकाला समजावत बसायचं त्राण माझ्यात नाही.

@मोहोळचा_माणूस, उसाच्या ट्रॉलीचं अगदी खरं. रात्रीची टेस्ट ड्राइव्ह मागतो. शोरूमवाला देईल का, बघू.

तेलतपासणी:

डिझेलचा कुणी विचारच केला नाही? सी-क्लासच्या सी२२०डी मध्ये दोन लिटर डिझेल, २०० हॉर्सपॉवर, ४४० न्यूटन मीटर. हायवेला १६ च्या आसपास देईल, पेट्रोलवाली ११. तुमचे २०,००० किलोमीटर, पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये धरलं तर वर्षाला पाऊण लाख वाचतात. डिझेलचा रोड टॅक्स दोन टक्के जास्त, म्हणजे साठ लाखांवर १ लाख २० हजार. दोन वर्षांच्या आत वसूल.

पण एक पण आहे. बीएस६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जाळायला इंजिन चांगलं तापून वीसेक मिनिटं सलग वेगात चालावं लागतं. रोज आठ किलोमीटर आसरा चौकातल्या गर्दीतून सेकंड-थर्डमध्ये नेलीत तर ती साठत जाते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तुमचं पुणे महिन्यातून दोनतीनदा आहे म्हणून चालून जाईल. मधल्या आठवड्यात तुळजापूर रोडला एक फेरी मारून आणा. ॲडब्लूही (धूर स्वच्छ करणारं द्रव) वेळोवेळी भरावं लागेल, ते काही अवघड नाही. ऑडीकडे भारतात २०२० पासून डिझेल नाहीच, व्होल्वोनेही २०२४ मध्ये जगभर बंद केलं.

ताळेबंद:

व्यवसायाने सीए आहे म्हणून फक्त कागदाचं बोलतो. गाडी कुणाच्या नावावर घेताय हे ब्रँडच्या आधी ठरवा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के एकरकमी टॅक्स आहे. कंपनीच्या नावावर तोच २० टक्के होतो. म्हणजे साठ लाखांच्या गाडीला चार लाखांचा फरक पेट्रोलमध्ये, तीनाचा डिझेलमध्ये. अनेकांना हे आरटीओची पावती हातात आल्यावर कळतं.

प्रवासी गाडीवर जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, तिथे कुणी स्वप्नं दाखवली तर ऐकू नका. घसारा १५ टक्के, आणि त्या आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्मा. थोडक्यात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर घेतलीत तर पहिल्या वर्षी साडेसात टक्केच. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस (आगाऊ गोळा केलेला आयकर) किमतीवर घेतो, तो रिटर्नमध्ये वळता होतो, विसरू नका. भागीदारी असेल तर भागीदाराच्या नावावर घेऊन फर्मच्या पुस्तकात दाखवतात, पण पैसा फर्मच्या खात्यातून गेला आणि वापर धंद्यासाठी झाला याचे कागद नीट ठेवा. घरचा वापर जेवढा, तेवढा खर्च कापला जाणारच.

गाडीवेडा_पुणे:

@धोट्याचा_आवाज, अण्णांचं म्हणणं सांगतो म्हणालात, ते राहिलंच.

धोट्याचा_आवाज:

हो. अण्णा म्हणतात, गाडी दारात आली की दुसऱ्या दिवशी सुताचा व्यापारी उधारी आखडतो. आत्ता ४५ दिवसांवर सूत मिळतं. मर्सिडीझ दिसली की तोच म्हणणार, "शेठ, तुम्हाला काय कमी, रोख द्या." आणि दिवाळीच्या बोनसची बोलणी व्हायच्या आत गाडी आली तर कामगार कारखान्याच्या दारातली गाडी दाखवूनच आकडा सांगतील. त्यात त्यांचं काय चुकलं? अण्णांनी स्वतः मागावर उभं राहून सुरुवात केलेली आहे, त्यांना दोन्ही बाजू माहीत आहेत.

उलट बँकेत आणि निर्यातीच्या गिऱ्हाइकासमोर चांगली गाडी उपयोगी पडते हेही तेच कबूल करतात. गेल्या खेपेला परदेशी पाहुण्यांना पुण्याहून आणायला भाड्याची गाडी केली होती. एसी इंदापुरातच बंद पडला.

पेठेतला:

अण्णा शंभर टक्के बरोबर. पेठेत आमचं दुकान आहे, समोरच्याने गाडी बदलली की वसुलीवाले आधी तिकडे जातात, हे रोज बघतो.

पण एक बारकावा आहे. आपल्याकडे रुबाब म्हटलं की फॉर्च्युनर, ती पुढाऱ्याची आणि बिल्डरची. तिला रस्ता मिळतो. मर्सिडीझला रस्ता मिळत नाही, पण हॉटेलचा वॉचमन पळत येतो. बीएमडब्ल्यू म्हटलं की लोक म्हणतात पोरानं घेतली, आणि मर्सिडीझ म्हटलं की घराण्यानं घेतली. ऑडी मधल्यामध्ये. खरं-खोटं सोडा, आपल्या गावाचं मोजमाप असंच आहे. रस्त्यावर दिसतातही त्याच प्रमाणात, देशात २०२४ मध्ये मर्सिडीझ १९,५६५ विकल्या गेल्या आणि ऑडी ५,८१६. जिथे गाड्या जास्त तिथे बाहेरचे मेकॅनिक, जुने पार्ट आणि सेकंडहँडचं गिऱ्हाईकही जास्त, हा हिशेब रुबाबापेक्षा कामाचा.

वीजवाहिनी:

बीएमडब्ल्यूची इलेक्ट्रिक आयएक्स१ लाँग व्हीलबेस बघा. जानेवारी २०२५ ला ४९ लाखांना आली, चाचणीतली रेंज ५३१ किमी, जीएसटी ५ टक्के. कारखान्यात थ्री फेज आहेच.

धोट्याचा_आवाज:

@वीजवाहिनी, रोजच्या वापराला उत्तम, पण अण्णांना घेऊन वाटेत चार्जिंगच्या रांगेत थांबणं आमच्या घरात शक्य नाही.

मोहोळचा_माणूस:

सेकंडहँडचं कोण बोलंना? हाच पैसा टाकून तीन-चार वर्षं जुनी लांब ई-क्लास येती की. नव्या गाडीची किंमत तेवढ्या काळात निम्म्याच्या आसपास येते, तो तोटा पहिल्या मालकानं सोसलेला असतो. मागं पाय पसरून झोप काढता येती. फक्त सर्व्हिसची सगळी नोंद कंपनीकडनं काढून घ्या आणि वाढीव वॉरंटी मिळत असंल तरच हात लावा. एअरबॅग उडालेली गाडी पॉलिश मारून इकत असत्यात.

धोट्याचा_आवाज:

ई-क्लासचं मीही बघितलं होतं, पण मला स्वतः चालवायची आहे, ती मागे बसायची गाडी वाटली.

काल दोन्ही चालवल्या. रात्रीची टेस्ट ड्राइव्ह एका ठिकाणी दिली, दुसरीकडे अंधार पडायच्या आत परत आणा म्हणाले. ३३०एलआय चालवताना अक्षरशः हसू येत होतं, @गाडीवेडा_पुणे, तुम्ही काडीचंही वाढवून सांगितलेलं नाही. अण्णा मागे बसले, पाय पसरले, दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही घे." सी-क्लासमध्ये पुढची सीट माझ्या मापाला लावल्यावर त्यांचा गुडघा सीटच्या पाठीला टेकत होता, पण आतलं काम बघून बायको उतरायला तयार नव्हती.

ठरलं ते असं. ३३०एलआय, माझ्या नावावर, पेट्रोल. डिझेलचा हिशेब पटला होता, पण गावातलं आठ किलोमीटर मला दर आठवड्याला डीपीएफसाठी हिंडायला लावेल आणि तेवढा वेळ माझ्याकडे नाही. गाडी दिवाळीचा बोनस वाटून झाल्यावरच दारात येणार, ही अण्णांची अट. @ताळेबंद, पहिल्या वर्षीचा अर्धा घसारा त्यापायी जाईल, जाऊ दे. सुताच्या व्यापाऱ्याला अण्णा स्वतःच पेढे द्यायला जाणार आहेत आणि गाडी कर्जावर आहे हे तिथे मोठ्याने सांगणार आहेत.

आता फक्त रंग राहिला. मला काळा आवडलाय.

मोहोळचा_माणूस:

काळा घेऊ नका मालक. एमआयडीसीतला कापसाचा फुफाटा सकाळी पुसला तर दुपारी परत दिसतोय. पांढरा नायतर करडा घ्या, आणि फडकं मारणाऱ्या पोराला सांगा, आधी पाणी मारायचं, कोरडं फडकं लावायचं नाय. पहिल्या महिन्यातच ओरखडे पडत्यात.

पेठेतला:

फडक्याला टॉवेल घरचाच आहे की!