विषय: बुगड्यांचं तातडीनं सांगा

मंडळी, मोती चौकात दुकानातूनच लिहितोय. चापाच्या बुगड्या चारच जोड आहेत, बाकी सगळ्या टोचलेल्या कानाच्या. आपल्या जयश्री गडकरांवरच्या कार्यक्रमात 'बुगडी माझी सांडली गं'वर नाचणाऱ्या मुली आठ. सोमवारी साताऱ्याहून निघतोय. घेऊ का?
दादा

---

भाऊजी, घ्या. एकेकीला एकच पुरे. गाण्यात एक सांडलेलीच आहे ना! फक्त चार मुलींना डाव्या कानात येईल, चौघींना उजव्या. गिरकीला सगळ्यांचा उजवा कान प्रेक्षकांकडे येतो. मागच्या रांगेची गिरकी उलटी बसवावी लागेल आणि रविवारची एकच तालीम उरलीय.
वहिनी

---

वहिनी, गिरकी बसेल. माझं म्हणणं मीटिंगमधलंच आहे. ४० मिनिटांत २५ मिनिटं लावणी? जयश्री गडकर समूहनृत्यातून पुढे आल्या, 'सांगत्ये ऐका'नं (१९५९) घरोघरी पोचल्या, कबूल. पण नाचावर नाव झालेल्या बाईला नाचापलीकडची कामं मिळवणं सोपं नव्हतं. 'मानिनी' (१९६१) घ्या. 'साधी माणसं'मधली (१९६५) लोहाराची बायको घ्या. पायात चाळ नाहीत, सगळं काम डोळ्यांनी. 'ऐरणीच्या देवा तुला'ला दहा मिनिटं द्या, नाहीतर निवेदन दुसऱ्याकडून लिहून घ्या.
काका

---

काकांशी सहमत. आमच्या सांगलीच्या गावभागातल्या वाड्यात टीव्हीवर 'रामायण' लागलं की आजी जयश्रीबाईंच्या कौसल्येला हात जोडायची आणि म्हणायची, "हीच गं ती बुगडीवाली." तिला दोन्ही एकदमच दिसायचं. दशरथ झालेले बाळ धुरी त्यांचे खरे यजमान, हेही तिनंच सांगितलेलं.
निवेदनात सांगली यायलाच हवी. बुगडीचा आवाज आशाबाईंचा, जन्म सांगलीचा. शब्द गदिमांचे, ते शेटफळ्याचे. मागच्या वर्षी सगळं साताऱ्याच्या नावावर गेलं.
आत्या

---

आत्या, सिनेमा आला तेव्हा तुमच्या जिल्ह्याचं नावच दक्षिण सातारा होतं. सांगली झालं १९६० मध्ये.
खजिनदार

---

नाव काहीही असो, गाव सांगलीच होतं!
आत्या

---

चारही जोड घेतले. वहिनी, डावी-उजवी वेगळ्या पुड्यांत बांधून आणतो. काका, ऐरणीच्या गाण्याला मुलींच्या अंगावर साधी सुती लुगडी हवीत, जरीची नकोत. किती, ते आज रात्रीपर्यंत कळवा. उद्या इथला बाजार बंद.
दादा