मैफलीत मागून ओरडून फर्माईश: गायकानं दाद द्यावी का?

षड्जप्रेमी: परवा एका मैफलीत गायिकेचा मारवा राग रंगात आला होता. मारव्यात षड्जावर, म्हणजे 'सा'वर, येणं लांबवत नेतात, त्यातच त्याची सगळी हुरहूर. ती नेमकी त्या टोकाला पोचलेली आणि मागून आवाज आला, "ताई, अभंग होऊ द्या!" तिनं डोळे उघडले, हसून मान हलवली. झालं, ती ओढ पुन्हा काही लागली नाही. राग चालू असताना आलेल्या फर्माईशीकडे कलाकारानं बघूही नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ढोलकीवाला: एवढं सोवळं कशाला? संगीत बारीत, म्हणजे लावणीच्या बैठकीत, फर्माईशीवरच रात्र उभी राहते. रसिक दौलतजादा करतो, म्हणजे खूश होऊन पैसे देतो, आवडीची लावणी मागतो आणि ती बाई जीव ओतून गाते. बालगंधर्वांना तर वन्स मोअरवर वन्स मोअर मिळायचे, आणि तेच पद ते नव्या जागा घेत पुन्हा गायचे. श्रोत्यानं मागणं ही आपली जुनी रीत आहे.

षड्जप्रेमी: वन्स मोअर पद संपल्यावर मिळायचा हो. मधेच नाही.

पेटीवाला: मी साथीला बसतो, म्हणून सांगतो. मालकंस रागात पंचम (प) वर्ज्य, त्यामुळे तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात (म) लावलेली असते. आता कुणी म्हणालं, "यमन घ्या." म्हणजे राग बदलला, ती तार चढवून पंचमात लावा, स्वरमंडळाच्या तारांचे कोमल गंधार, धैवत, निषाद सगळे शुद्ध करा, मध्यम तीव्र करा. तोवर सभागृहात खोकला सुरू, मोबाइल बाहेर. कार्यक्रम मैदानावर असेल तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा असतो, ती घाई वेगळीच. फर्माईश करायचीच तर मध्यंतरात चिठ्ठी पाठवा. ठुमरी, नाट्यपद, अभंग असलं उत्तरार्धात सहज बसतं. आणि मैफल संपवणारी भैरवी झाल्यावर तर कृपा करून काही मागू नका.

शेवटची रांग: चिठ्ठी आयोजकांच्या खिशातच राहते, साहेब. पुढच्या सोफ्यावरचा ओळखीचा माणूस हळूच म्हणतो, "बुवा, जोगकंस राग होऊन जाऊ दे." ती रसिकता! आमचा आवाज मागून येतो म्हणून मोठा काढावा लागतो, तर तो असभ्यपणा? तिकीट आम्हीही काढलंय. गावाकडून दोन एसटी बदलून येणाऱ्याला आवडीचं एक पद ऐकावंसं वाटलं, तर त्यात गुन्हा कसला?

षड्जप्रेमी: सोफ्यावरच्यांबद्दल शंभर टक्के मान्य. त्यांनीही गप्प बसावं. पण दोघांनी मागितलं म्हणून बाकी पाचशे जणांचा मारवा का मोडायचा?

ढोलकीवाला: मग कलाकारानंच सुरुवातीला सांगून टाकावं, "शेवटची वीस मिनिटं तुमच्या पसंतीची." लोक धीर धरतात, त्यांना खात्री हवी असते.

पेटीवाला: वीस मिनिटांत पाच पदं मागतील आणि एकही धड होणार नाही. एकच घ्यावं, आणि आलेल्या फर्माईशींतून ते गाणाऱ्यानं निवडावं.

शेवटची रांग: चालेल. पण आलेल्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर वाचून दाखवा.